उशाशी बायबल, कपाटात गोळ्या

संपादक महोदय,

सलाम. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की सलाम म्हणतात, तोच आपल्यालाही.

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, आपल्या अंकात नैराश्यावर लेख आला होता. पुढच्या आठवड्यात त्यावर दोन पत्रं छापून आली. एका वाचकाचं म्हणणं असं, की देवाधर्माच्या नादानेच लोक डॉक्टरकडे जात नाहीत, तेव्हा ही प्रार्थनेची थेरं आधी बंद करा. दुसऱ्यांनी लिहिलं होतं, की श्रद्धा पक्की असेल तर मन आजारी पडतच नाही. दोन्ही पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचली. दुसरं वाचताना हात थरथरले, कारण हेच वाक्य साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या घरात बोललं गेलं आणि त्याला मी ‘आमेन’ म्हटलं होतं.

मी श्रीरामपूरला राहते. वय चौसष्ट. एका मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. गावात अजून मला सिस्टरबाईच म्हणतात. माझ्या हातावर जन्मलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जाताना रस्त्यात दिसतात, थांबून सलाम करतात. हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं असं कोणी समजू नये. मला सगळं येत होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. घरी आणल्यावर मी सगळं नेमाने केलं. टाके पाहिले, ताप पाहिला, अंगावरून किती जातं ते पाहिलं, दूध नीट उतरतंय का पाहिलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला तेल, शेक, धुरी. रात्री बाळ उठलं की मी लेकीच्या आधी उठत असे. बाळंतिणीला चार-आठ दिवस रडू येतं, ते आपोआप ओसरतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यातलं तिचं रडणं मी मनावर घेतलं नाही.

ते ओसरलं नाही. बाळ झोपलं तरी ती झोपत नसे. डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडायची. जेवण ताटात निवायचं. “आई, बाळ तुझ्याजवळच ठेव, माझ्या हातून काहीतरी होईल,” असं म्हणायची. मी म्हणायचे, “काही होत नाही, तू घे तर खरी.” वॉर्डात इतकी वर्षं मी बाळंतिणींना लघवी झाली का, दुखतंय का, दूध येतंय का, हे विचारत आले. “तुझ्या मनाला कसं वाटतंय?” हे एकीलाही विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या शिकण्यात ते नव्हतं. आज त्या सगळ्याजणी आठवतात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, ‘ही जरा नखरेल आहे’ असं आम्ही ज्यांच्याबद्दल ड्यूटी बदलताना बोलायचो, त्या.

आमच्या घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते. लेक लहानपणापासून त्यात वाढलेली, पुण्याला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांचं संडे स्कूल घेणारी. एका संध्याकाळी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मला शब्दच येत नाहीत. देवाने मला टाकलंय.” तिच्या वडिलांनी घाईघाईने प्रभूची प्रार्थना सुरू करून वेळ निभावून नेली. दुसऱ्या दिवशी मला दिसलं, की तिच्या खोलीतलं वचनांचं कॅलेंडर तिने भिंतीकडे तोंड करून टांगलंय. त्या महिन्याचं वचन होतं, कशाचीही चिंता करू नका. चिडून मी ते सरळ केलं. तिने पुन्हा फिरवलं.

पाचव्या आठवड्यात जावई आले आणि एका रात्रीत त्यांनी जे ओळखलं ते मला महिनाभर ओळखता आलं नव्हतं. त्यांनी तिला नगरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं निदान झालं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायची नाही. मी मान डोलावली. एकतीस वर्षं मी रुग्णांना हेच सांगत आले होते. गुण यायला लागला. एका सकाळी तिने उठून स्वतः चहा केला, मला कप आणून दिला. तो कप मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात आमच्या एका नातलगाच्या घरी प्रार्थनासभा होती. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांचं नाव-गाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्याइतकीच माझ्याबद्दलही आहे. लेकीची हकीकत कोणीतरी त्यांच्या कानावर घातली. त्यांनी तिला मधोमध उभं केलं, डोक्याला तेल लावलं, सगळ्यांनी मोठमोठ्याने प्रार्थना केली. इथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, “दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. गोळी खात राहिलीस तर तुझा विश्वास कशावर आहे? श्रद्धा पक्की असेल तर मन आजारी पडतच नाही. म्हण, मी बरी झाले.” ती गप्प राहिली. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तिने म्हटलं, इतक्या हळू की मला फक्त ओठ दिसले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन तिच्या उशाजवळच्या गोळ्यांच्या पट्ट्या मी उचलल्या आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवल्या. उशाशी बायबल ठेवलं. तीन दिवस उपास केला. जावयांना फोनवर काही सांगितलं नाही, ते गोळ्या चालू आहेत असंच समजत होते. संपादक महोदय, गोळ्या अचानक बंद केल्याने काय होतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला हवं होतं ते इतकंच, की माझ्या मुलीला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं हे कोणाला सांगावं लागू नये. त्या लाजेला मी विश्वास हे नाव दिलं.

दोन-अडीच आठवडे गेले. एका पहाटे तीनच्या सुमारास जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. मागच्या दाराची कडी काढलेली. ओट्यावर बसली होती, अंगावर शाल नाही, पाय गारठलेले. मी शेजारी बसले. ती शांत आवाजात म्हणाली, “आई, माझ्याशिवाय बाळ बरं राहील ना? तुला सगळं येतं.”

तेव्हा मात्र माझ्यातली परिचारिका जागी झाली. तिचा हात धरून मी सरळ विचारलं, “तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?” असं विचारलं तर नसलेलं मनात येईल अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ती हो म्हणाली आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. उजाडेपर्यंत मी तिला एकटं सोडलं नाही. कपाटातल्या पट्ट्या काढून पर्समध्ये घातल्या. जावयांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत, नुसतं “निघतो” म्हणाले.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरांसमोर त्या पट्ट्या ठेवून मी कबुली दिली. ते ख्रिस्ती नाहीत. मला वाटलं आता प्रार्थनेवरून बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, “आजारी पडायच्या आधी प्रार्थनेने हिला बरं वाटायचं?” मी म्हटलं, “फार.” “मग करत जा. फक्त तिला परीक्षेला बसवू नका. आणि गोळी चुकवू नका.”

परीक्षेला बसवू नका. आपल्या पहिल्या पत्रलेखकांना मला हेच सांगायचं आहे. माझ्या लेकीला प्रार्थनेने इजा केली असं मी मानत नाही. तिच्या आजारावर आम्ही गुण द्यायला बसलो, त्याने इजा केली. ‘बरी झाले’ म्हणालीस तर पास. नाही झालीस तर विश्वास कमी, पाप लपवलेलं, घराण्यातलं काहीतरी बंधन. ज्या आजारात माणूस आधीच स्वतःला नालायक समजत असतो, त्या आजारात त्याच्या नालायकपणाचा दाखला देवाच्या सहीनिशी आम्ही त्याच्या हातात ठेवतो.

दवाखान्यातल्या रात्री झोप नसायची. मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचे, आणि सगळं जणू नव्याने वाचत होते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती माणूस आमच्या मंडळीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. चौघे त्याला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. संडे स्कूलमध्ये मी स्वतः ही गोष्ट सांगितलेली आहे. पण तिथला एक शब्द मी कधी पाहिलाच नव्हता. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलंय. खाटेवरच्याने काही केल्याचं लिहिलेलं नाही. तो एक शब्द बोलत नाही, कबुली देत नाही, ‘मी बरा झालो’ म्हणत नाही. तो नुसता पडून आहे आणि दुसरे त्याला वाहून आणतायत. चौघांचा विश्वास पुरला.

प्रचारकांनी ज्या वचनाच्या आधाराने तेल लावलं होतं तेही मी काढून पाहिलं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुखणाइताने एवढंच करायचंय, की मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवायचं. यायचं त्यांनी, तेल लावायचं त्यांनी, विश्वासाची प्रार्थना करायची तीही त्यांनी. आणि तेल तरी काय? येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तेव्हा ते त्या काळचं औषधच होतं. औषधाची बाटली हातात धरून औषध सोडायचा उपदेश आम्ही ऐकला.

एलीयाची गोष्ट मला परिचारिका म्हणून सगळ्यात जवळची वाटते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रानात झुडपाखाली जाऊन बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला बोल लावत नाही, उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. परत उठवतो, परत खायला देतो, म्हणतो की तुला वाट फार लांबची आहे. देवाचं बोलणं त्याच्या पुष्कळ नंतर. आधी झोप, आधी अन्न. वॉर्डात आम्ही याला नर्सिंग म्हणतो.

औषध आणि प्रार्थना यांचं भांडण ख्रिस्ती लोकांत मुळातलं नाहीच. असतं तर मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना कशाला काढला असता, नुसतं देऊळ, म्हणजे चर्च, बांधून थांबले असते. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनवलं. ती विश्वासाची माणसं होती आणि त्यांनी लसही टोचली, गोळीही दिली. ताप, कुष्ठरोग, क्षय यांच्यासाठी दवाखाने बांधणारे आम्ही मनाच्या आजारापाशी आलो की एकदम म्हणतो, गुडघे टेका. गुडघे टेकावेतच. पण क्षयाच्या रोग्याची औषधं बंद करून टेकत नाही ना?

लेक बरी होत असताना मी मिळेल ते वाचत गेले. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यांचं नाव आम्ही फार अभिमानाने घेतो. मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं (आमच्या गावाच्याच नावाचं गाव), आणि मराठी नवा करार १८११ मध्ये. त्यांच्या पत्नीचं नाव, डोरोथी, मी वयाच्या साठीपर्यंत कोणत्याही उपदेशात ऐकलं नव्हतं. १७९३ मध्ये तान्हं बाळ घेऊन ती बाई या देशात आली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. तिचं मन जे ढळलं ते १८०७ मध्ये ती वारली तोवर सावरलं नाही. देवाचं वचन भाषेमागून भाषेत उतरत होतं त्याच घरात ती बाई होती. त्या घरात प्रार्थनेला कमी असेल असं कोण म्हणेल? तिच्या वेळी गोळी नव्हती. आज आहे, आणि ती आम्ही साड्यांखाली ठेवतो.

दुसरं नाव स्टॅन्ली जोन्स यांचं. या अमेरिकन सुवार्तिकाची सबंध हयात भारतात गेली. सुरुवातीच्या वर्षांत ते स्वतः मनाने, शरीराने पार कोलमडले होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी १९५० मध्ये लखनौला ‘नूर मंझिल’ हे मनोविकारांवरच्या उपचारांचं केंद्र सुरू केलं. उभा जन्म सुवार्ता सांगण्यात घालवलेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाची लाज वाटली नाही. मला वाटली होती.

आता जे उपयोगी पडलं ते सांगते, कारण आपल्या पहिल्या पत्रलेखकांना वाटतं तसं ते ‘काहीच नाही’ नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आमच्या पाळकीणबाई आल्या. त्या आल्या की दोन तास प्रार्थना, अशी त्यांची ख्याती. लेकीच्या चेहऱ्यावर भीती दिसली. बाई म्हणाल्या, “आज मी काही म्हणणार नाही, मला आधी बाळाचे लंगोट दे.” ओट्यावर बसून त्यांनी सगळे लंगोट घडी केले. बाळाला तेल लावलं. डब्यातून मटकीची उसळ आणली होती, ती ताटात वाढून लेकीपुढे ठेवली आणि ती चार घास खाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. निघताना तिच्या पाठीवर हात ठेवून इतकंच म्हणाल्या, “प्रभू, ही थकली आहे.” आमेनसुद्धा मोठ्याने नाही. पुढे दर बुधवारी त्या आल्या. एका बुधवारी लेक आपणहून म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणा, मी ऐकते.” स्वतः प्रार्थना करायला तिला पुढे आठ-नऊ महिने लागले, आणि तेवढे महिने तिच्या वाटची प्रार्थना दुसऱ्यांनी केली. कोणी तिला विचारलं नाही, की तू करतेस की नाही.

मी तिला स्तोत्र वाचून दाखवू का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “शेवट गोड होणारं नको.” म्हणून मी अठ्ठ्याऐंशीवं काढलं. आमच्या मंडळीत ते कधी वाचलं जात नाही. त्यात रात्रंदिवस आरोळी आहे, देवाने टाकल्याची तक्रार आहे, आणि इतर स्तोत्रांसारखी शेवटी स्तुतीकडे वळण नाही. ते अंधारातच संपतं. मी वाचून थांबले. ती म्हणाली, “संपलं?” म्हटलं, “संपलं.” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मग हे शास्त्रात ठेवलं कोणी? म्हणजे असं वाटणाऱ्यालाही जागा आहे.” मला उत्तर सुचलं नाही. तिलाही उत्तर नको होतं. नंतर कितीतरी रात्री तिने तेच वाचायला लावलं.

गोळ्या चौदा महिने चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. मधल्या काळात समुपदेशनही झालं. ती शाळेत शिकवायला परत रुजू झाली. नात आता साडेतीन वर्षांची आहे आणि जेवायच्या आधी प्रार्थना मोठ्याने म्हणते, त्यात शेजारच्या मांजराचंही नाव घेते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली होती. शंभरातल्या दहाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचले नव्हते. आमच्या मंडळीत रविवारी दीडशे माणसं येतात. म्हणजे पंधरा माणसं. मी मागच्या बाकावर बसते तेव्हा आता पाठीमागून माना मोजते. आमच्या मंडळीत मधुमेहासाठी, गुडघ्यासाठी, नोकरीसाठी, व्हिसासाठी प्रार्थना विनंत्या येतात. या आजारासाठी विनंती मी सबंध आयुष्यात एकदा ऐकली, आणि ती मीच उभी राहून केली. त्या दिवशी उपासनेनंतर तीन बायका मला बाजूला घेऊन बोलल्या. एकीचा मुलगा, एकीचा नवरा. तिसरी म्हणाली, “सिस्टरबाई, मीच.”

पाळकांना, वडिलांना, घरोघरी प्रार्थनेला जाणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डोक्यावर हात ठेवा, तेल लावा, उपास करा. पण खोलीतून निघताना विचारा, आजची गोळी घेतलीस का? पाणी तुम्हीच आणून द्या. आणि कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात, ते फक्त ‘येरवड्याला’ नसतात. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर सरकारी खर्चाने, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली, माझ्या ओट्यावरच्या त्या पहाटेनंतर काही महिन्यांनी. आता हा क्रमांक आमच्या देवळाच्या फलकावर, उपासनेच्या वेळांच्या खाली, खडूने लिहिलेला असतो. पुसला गेला की मी परत लिहिते.

आपल्यालाही एक विनंती. ‘क्षुल्लक कारणावरून विवाहितेने जीवन संपवले’ असे मथळे वर्तमानपत्रांत अजून येतात. त्या बाईचं तान्हं मूल होतं का, ती कधीपासून झोपली नव्हती, हे बातमीत कधी नसतं. क्षुल्लक हा शब्द तेवढा गाळावा आणि अशा प्रत्येक बातमीखाली तो पाच आकडी क्रमांक छापावा.

हे पत्र पाठवण्याआधी मी लेकीला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं खोडायला लावली, ती खोडली. गोळ्या लपवल्याचं मी लिहिलंय ते राहू दे म्हणाली.

तिला आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा लागला आहे. एकदा असा आजार झाला की पुढच्या बाळंतपणात तो उलटण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरांना तिसऱ्या महिन्यातच दाखवून ठेवलंय. आमच्या महिला मंडळात प्रार्थना साखळी असते: चोवीस तासांचा तक्ता करायचा, प्रत्येकीने एकेक तास घ्यायचा आणि आपापल्या घरी त्या तासाला प्रार्थना करायची. या वेळी पाळकीणबाईंनी तक्त्यात आणखी एक रकाना आखलाय. रात्री अकरा ते एक, एक ते तीन, तीन ते पाच, असे तास आणि त्यापुढे नावं. त्या तासाला त्या बाईने प्रार्थना आमच्या घरी येऊन करायची आहे, बाळ मांडीवर घेऊन, म्हणजे बाळाच्या आईला झोपता येईल. चाळीस दिवसांचा तक्ता भरलाय. तीन ते पाचच्या पुढे पहिल्या रात्री माझं नाव आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
श्रीरामपूर